‘बिल भरजो’ एवढंच लिहून ते गेले

(पत्र बारा पानांचं आहे, त्यातलं मुख्य तेवढं खाली देते. गाव, नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून हे पत्र आलं. लिहिणाऱ्या ताई चाळिशीच्या आतबाहेरच्या. नवऱ्याला जिभेचा कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं, मग तीस शेक (रेडिएशन) झाले, आणि वर्षाच्या आत गाठ पुन्हा उठली. केमोच्या सलाईन लागल्या. शेवटी डॉक्टरांनी ताईंना आणि दिराला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या. गेल्या पौषात ते गेले.

ऑपरेशननंतर त्यांचं बोलणं कुणाला कळेना. सुरुवातीला पाटी होती, ते लिहीत आणि पुसत. अंथरुणाला लागल्यावर पाटी पेलवेना, तेव्हा मुलीच्या दप्तरातली दोनशे पानी वही उशाशी आली. शेवटचे पाच महिने ते जे काही बोलले ते त्या वहीत आहे.

ते गेल्यावर ताईंनी वही पहिल्या पानापासून वाचली. आपल्यासाठी काही असेल, या आशेने. निघालं ते असं : ‘पानी दे’, ‘खिडकी लाव’, ‘नळी दुखते’, ‘पऱ्हाटीले दुसरा डोस देल्ला का’, ‘लाईन रातची हाये का दिवसाची’, ‘ढेप सरली का’, ‘तूर सोंगली का’. (पऱ्हाटी म्हणजे कपाशी, डोस खताचा, लाईन म्हणजे शेतपंपाची वीज, ढेप म्हणजे गुरांची पेंड, सोंगली म्हणजे कापली.) ‘माय जेवली का’ अकरा वेळा. ताईंचं नाव एकदाही नाही. शेवटच्या लिहिलेल्या पानावर, जाण्याच्या तीन दिवस आधी : ‘लाईट बिल भरजो’.

मग ताईंनी त्याच वहीत उलट्या बाजूने लिहायला घेतलं. मुलगी झोपली की रात्री, स्वयंपाकघरात. आधी दवाखान्यातले दिवस लिहिले, मग राग. ‘तुमच्या खर्ऱ्यानं घर खाल्लं’ असं लिहिलं. (खर्रा म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेली पुडी.) तो खर्रा कित्येकदा आपणच पानठेल्यावरून आणून दिला, हेही लिहिलं. कधी लिहून हलकं वाटतं, कधी पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. सासूबाई म्हणतात, मेलेल्याची वस्तू घरात ठेवली की त्याचा जीव अडकतो, वही नदीत सोड. दिराला संशय आहे की आत देण्याघेण्याचं काही लिहिलं असेल. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला येणाऱ्या एक बाई म्हणाल्या, किती दिवस तेच उगाळशील.

ताईंचे प्रश्न : लिहिल्याने दुःख बाहेर निघतं की आणखी आत जातं? मेलेल्या माणसावर रागाने लिहिणं पाप आहे का? वहीचं काय करू? आणि पत्राच्या शेवटी एक ओळ : ‘त्यांची पानं पुढून आली, माझी मागून चालली. मधात वीसक पानं कोरी राहिली. ते सरले की काय करू?’

ताई,

आधी त्या बिलाचं बोलू. तुमच्या पत्रात ते चार वेळा आलं आहे, आणि चारही वेळा तुमचं अक्षर बिघडलं आहे.

मी वर्धेकडची. आमच्याही घरात ‘जो’ लावून बोलत. ‘भर’ म्हणजे आत्ता भर. ‘भरजो’ म्हणजे पुढे, वेळ येईल तेव्हा, मी समोर नसलो तरी. एसटीच्या खिडकीतून मामा ‘येजो’ म्हणायचा, तेव्हा ‘आत्ता खाली उतरते’ असं कुणी समजायचं नाही. तुमच्या यजमानांनी पाण्याला ‘दे’ लिहिलं, खिडकीला ‘लाव’ लिहिलं, आणि बिलाला ‘भरजो’. मी यातून मोठा अर्थ काढून तुमच्या ओटीत घालणार नाही. बिलाची तारीख आठ दिवसांवर असेल, एवढंच कारण असू शकतं. पण ‘त्यांनी माझ्यासाठी काहीच लिहिलं नाही’ हे तुमचं वाक्य मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगते.

तुम्ही निरोप शोधत होता. निरोप लिहायचा तर आपण निघालो आहोत हे माणसाला माहीत हवं. डॉक्टर तुमच्याशी बोलले, दिराशी बोलले. त्यांच्याशी कुणी बोललं का? तुमच्या पत्रात तसं कुठे दिसत नाही. उलट तुम्ही लिहिता, ‘यांना आम्ही सांगितलं, ताकद आली की पुन्हा सलाईन लावू.’ मी दोष देत नाही. आपल्याकडे दहातली नऊ घरं हेच करतात, माझ्याही घराने केलं. पण मग त्यांनी निरोप लिहावा अशी अपेक्षा कशी धरायची? त्यांना कळलं नसेल तर ते लिहिणार नाहीत. कळलं असेल आणि तुम्ही लपवताय हेही कळलं असेल, तर तुमचं मन राखायला ते बिलाचंच लिहितील.

दुसरं. अशा ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठी काढतात, त्यात खांद्याच्या नसेला धक्का बसला की हात वर होत नाही, खांदा उतरतो. त्यात अशक्तपणा, त्यात दुखण्याच्या गोळ्यांची गुंगी. ‘पऱ्हाटीले दुसरा डोस देल्ला का’ एवढं लिहायला त्या माणसाला किती वेळ लागला असेल, ते तुम्ही पाहिलं आहे. एवढ्या कष्टाने लिहिलेला शब्द वावरावर, आईवर आणि घरच्या उजेडावर खर्च झाला.

आणि तिसरं, ज्यासाठी खरं तर हे उत्तर लिहायला बसले. नाव आपण कुणाचं घेतो? जो समोर नाही त्याचं. आई ओसरीत होती, म्हणून ‘माय जेवली का’. तुम्ही वही धरून समोर उभ्या होता. आणि आपल्या भागात नवरा बायकोला नावाने हाक मारतो कुठे? ‘आयकते का’ म्हटलं की झालं. त्या वहीतल्या जवळजवळ प्रत्येक ओळीआधी एक न लिहिलेलं ‘आयकते का’ आहे.

आता वही पुन्हा उघडा आणि एक गोष्ट बघा. त्यात प्रश्न आहेत, उत्तरं नाहीत. ‘ढेप सरली का.’ सरली होती का? तुम्ही काय म्हणालात? ‘लाईन रातची हाये का दिवसाची.’ काय सांगितलं? उत्तरं तुम्ही तोंडाने दिलीत, म्हणून ती कागदावर आली नाहीत. पाच महिन्यांच्या बोलण्यातली एकच बाजू त्या वहीत उतरली आहे, आणि तुम्ही तीच वाचून म्हणता की यात मी नाही. फोनवर बोलणाऱ्या माणसाचं बोलणं शेजारच्या खोलीतून ऐकावं, तसं झालं हे. पाटीवरचं तर सगळंच पुसलं गेलं, त्यात काय काय होतं ते तुम्हालाच माहीत.

तेव्हा लिहायचंच असेल तर माझी पहिली सूचना ही : त्यांच्या प्रश्नांची उत्तरं लिहा. शोकातल्या माणसाला एक प्रकार सुचवतात, गेलेल्या माणसाच्या वतीने स्वतःलाच पत्र लिहा म्हणून. मला तो मुळीच आवडत नाही. तुमच्याकडे त्यांचा खरा आवाज असताना खोटा कशाला बनवायचा? त्यांची एक ओळ घ्या. त्या दिवशी काय झालं होतं, तुम्ही काय म्हणालात, खरं बोललात की वेळ मारून नेलीत, ते लिहा. डोस द्यायला पैसे नव्हते आणि तुम्ही ‘देल्ला’ म्हणालात, असंही असेल. ते लिहा.

आता, लिहिल्याने बाहेर निघतं की आत जातं? दोन्ही होतं, ताई.

1986 साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात जिव्हारी लागलेल्या गोष्टीवर लिहायला बसवलं. लिहून उठल्यावर त्या मुलांना बरं वाटलं नाही, ती आधीपेक्षा उदास झाली. पण पुढच्या महिन्यांत दवाखान्यात जायच्या त्यांच्या फेऱ्या साध्यासुध्या विषयावर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी भरल्या. त्यानंतर असे प्रयोग पुष्कळ झाले, कॅन्सरच्या रुग्णांवरही झाले. सरासरी फायदा लहान. कुणाला होतो, कुणाला होत नाही, आणि जवळचं माणूस गेलेल्यांच्या काही अभ्यासांत तर फरकच दिसला नाही. म्हणून ‘लिहा म्हणजे मोकळ्या व्हाल’ असं मी छातीठोक सांगणार नाही. मात्र त्यातलं एक निरीक्षण मला फार उपयोगी वाटतं. ज्यांना फायदा झाला त्यांचं लिखाण दिवसागणिक बदलत गेलं होतं. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतं’ असे शब्द त्यांच्या लिहिण्यात वाढत गेले. जे चारही दिवस तेच वाक्य घोकत राहिले, ते होते तिथेच राहिले.

हे मी अंगावर काढलं आहे. माझी थोरली बहीण स्तनाच्या कॅन्सरने गेली. मी लिहिणारी बाई, म्हटलं लिहून निभावेल. एकवीस रात्री मी एकाच रात्रीबद्दल लिहिलं. ऑक्सिजनचं सिलिंडर मागवायला मी अर्धा तास उशीर केला का, हेच. रोज वेगळ्या शब्दांत तेच. वजन उतरलं, झोप गेली, शेवटी वही माळ्यावर फेकली. वर्षाने भाचीला डॉक्टरांनी विचारलं, आईला कितव्या वर्षी निघाला, एका बाजूला की दोन्ही, कोणती औषधं दिली. घरात आईला किंवा बहिणीला असला की मुलींची तपासणी लवकर सुरू करावी लागते, त्यासाठी हे विचारतात. तिला तारीखवार लिहून द्यायला बसले. पहिली गाठ, नागपूरची पहिली फेरी, केस गेल्यावर तिने बांधलेला हिरवा रुमाल, सहाव्या केमोला तिने परिचारिकेशी घातलेला वाद. चार पानं झाली. त्या अर्ध्या तासाच्या आधी तीन वर्षं होती, आणि ती मी एकवीस रात्री विसरून बसले होते.

म्हणून तुमची मागची पानं एकदा दिवसा, चहा घेताना वाचा. रात्री नको. तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतंय का? येत असेल तर त्या दिवसाला काही काळ हात लावू नका, दुसरा दिवस घ्या. आजाराच्या आधीचा घ्या. लग्नातला नको, तो सगळेच घेतात. एखादा साधा दिवस, बैल विकला तो, नाहीतर मोटर जळाली तो. पंधरा-वीस मिनिटांच्या वर बसू नका. चार दिवस लिहिलं की चार दिवस वही बंद. आणि झोपायच्या तोंडावर लिहिणं सोडा. तुमच्या ‘पहाटेपर्यंत डोळा लागत नाही’चं अर्धं कारण तिथेच असेल. लिहून उठलात की हातापायाचं काम हवं, भांडी, गुरांना पाणी, काहीही. अंथरूण नको.

लिहिणं कुठे थांबवायचं, तेही सांगते. जेवण तुटलं, अंघोळ-कामाचा कंटाळा आठवड्यामागून आठवडे टिकला, किंवा ‘आपणही जावं’ असं लिहिलं गेलं, तर वही मिटा आणि माणसाशी बोला. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा नंबर 14416, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. आशाताईला सांगितलं तरी ती वाट दाखवेल. आपल्या जिल्ह्यांत ‘आपणही जावं’ हे वाक्य आपण फार हलक्यात घेत आलो आहोत.

रागाचं. ‘पाप आहे का’ असं तुम्ही विचारता. तुम्ही त्यांच्या मागे दोन वर्षं दवाखाने केले, नळीतून भाताची पेज घातली, रात्री उठून तोंड पुसलं. तो माणूस ज्या पुडीपायी गेला त्या पुडीचा राग तुम्हाला येऊ नये, असं कोणत्या धर्मात लिहिलं आहे? लिहा खुशाल. पण तुम्ही मांडलेला हिशेब मला कच्चा वाटतो. त्यात दोनच माणसं आहेत, खाणारा आणि आणून देणारी.

तुम्ही लिहिता, ते पंधराव्या वर्षापासून खात होते. पंधरा वर्षांच्या पोराला पन्नीत घोटलेला खर्रा देणारा ठेला होता. हातात ठेवणारे मित्र होते. तंबाखूची चटक लागते हे आपल्याला ठाऊक असतं, सुपारीचीही लागते हे ठाऊक नसतं. ‘तंबाखू सोडली, नुसती सुपारी खातो’ म्हणणारे तुमच्याही गावात असतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 च्या अहवालात नुसत्या सुपारीलाही माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलं. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, आणि खर्रा नाक्यानाक्यावर मिळतो. तोंड उघडेनासं होतं, तिखट सोसेनासं होतं, तेव्हा पहिली घंटा वाजलेली असते, पण ते सांगणारं गावात कोण होतं? तुम्ही वावरातून येताना ठेल्यावरून पुडी आणली ती नवऱ्याने सांगितलेली वस्तू म्हणून, जशी चहापत्ती आणली. तुम्ही आणली नसती तर ते सायकल काढून गेले असते.

हे ऐकून तुमचा राग जाणार नाही, आणि जावा असंही मी म्हणत नाही. फक्त लिहाल तेव्हा त्यात ठेला येऊ द्या, ते पंधरा वर्षांचं पोरगं येऊ द्या. आणि ही पानं मुलीच्या हाती कधी लागावीत, लागावीत की नाही, ते तुम्ही ठरवा. लिहिलेलं सगळं ठेवलंच पाहिजे असं नाही. रागाची पानं वेगळ्या सुट्या कागदावर लिहून चुलीत घातली तरी लिहिण्याचं काम झालेलं असतं.

प्रार्थनेच्या बाईंचं मनाला लावून घेऊ नका. ज्यांच्या नावाने ती प्रार्थना होते ते तुकडोजी महाराज 1968 साली कॅन्सरनेच गेले, आणि नागपूरचं कॅन्सरचं रुग्णालय त्यांच्या नावाने उभं आहे. कॅन्सरचं नाव काढू नये, असं निदान त्या ओट्यावर तरी कुणी म्हणू नये.

दिराचा प्रश्न सोपा आहे. तो तुमच्या दुःखात मिसळू देऊ नका. देण्याघेण्याची वेगळी वही करा : पीककर्ज, कृषी केंद्राची उधारी, हातउसने, कोणाचे किती आणि कधी. ती सगळ्यांसमोर ठेवा. वहीतली एखादी ओळ मृत्युपत्र ठरत नाही, त्याला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, हे दिरालाही सांगा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने त्यांच्या वाट्याच्या जमिनीत तुमचा, प्रत्येक लेकराचा आणि सासूबाईंचा सारखा हक्क येतो. तलाठ्याकडे वारस नोंद झाली नसेल तर पेरणीच्या गडबडीतही तेवढं आधी करा.

सासूबाईंकडे मात्र मला थांबायचं आहे.

तुम्ही त्यांच्याबद्दल जरा तुटकपणे लिहिलं आहे, आणि ते समजण्यासारखं आहे. पण तुमच्याच पत्रात दोन गोष्टी आहेत, दोन वेगवेगळ्या पानांवर. एक, ‘सासूबाईंना अक्षरओळख नाही.’ दोन, ‘माय जेवली का’ अकरा वेळा. या दोन गोष्टी तुम्ही एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. पाटी आली त्या दिवसापासून त्यांचा मुलगा त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही, त्यांच्या बाजूने बघाल तर. तो लिहायचा, तुम्ही वाचायच्या, तुम्ही उत्तर द्यायच्या. ‘माय जेवली का’ असं त्याने विचारल्यावर तुम्ही ‘जेवल्या’ म्हणून मोकळ्या झाल्या असाल, आणि ओसरीत बसलेल्या बाईला कळलंही नसेल की आत आपलं नाव निघालं. तुमच्या घरात दुःखाची एक वही आहे, आणि ती घरातल्या एका माणसाला वाचता येत नाही. ती नदीत सोडावी असं त्या माणसाला वाटलं, तर नवल काय?

वाद घालू नका. जीव अडकतो की नाही, यावर तर मुळीच नको. एखाद्या दुपारी त्यांच्या शेजारी बसा आणि वाचून दाखवा. सगळं नाही, ती अकरा पानं. तारखा असतील तर तारखांसकट. त्या रडतील, कदाचित चिडतील, ‘तेव्हा का नाई सांगतलं’ म्हणतील. तो प्रश्न रास्त असेल. त्यानंतरही वही सोडायची असं त्या म्हणाल्या, तर पोरीला मोबाइलवर पानापानाचे फोटो काढायला सांगा आणि वर्षश्राद्धापर्यंत थांबू म्हणा. घरात अजून पाच-सहा महिनेच झालेत, एवढ्यात कुठलीच वस्तू पाण्यात सोडायची घाई नको. तोवर वही पत्र्याच्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात वाळवी आणि ओल कागदाला सोडत नाही.

ज्यांच्या घरात माणूस अजून उपचारात आहे त्यांच्यासाठीही थोडं लिहिते. ताई, तुम्ही हे गाळून पुढे गेलात तरी चालेल.

जिभेचं, जबड्याचं किंवा घशाचं ऑपरेशन ठरलं असेल तर त्याआधी घरी बसून मोबाइलवर माणसाचा आवाज भरून ठेवा. भाषण नको. पोरांना हाक मारताना, गुरांना हाकताना, पावसावर चिडताना जसं बोलतात तसं. ऑपरेशननंतर वाचा शिकवणारे तज्ज्ञ मोठ्या दवाखान्यात असतात, त्यांना आधीच भेटता येतं का, ते विचारा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी पुठ्ठ्यावर चित्रं काढा : पाणी, दुखतंय, लघवी, कूस बदल, आणि एक आईचं, एक पोरांचं. नुसत्या गरजांचा पुठ्ठा केला की माणूस गरजाच बोलतो.

दवाखान्याची एक वही वेगळी असावी. रोजचा ताप, आठवड्याचं वजन, कोणती गोळी कधी, तोंड आलं का, जुलाब किती, बोटांना मुंग्या आहेत का, आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. ओपीडीत तुम्हाला मिळतात पाच मिनिटं, तिथे काही आठवत नाही. केमोनंतरच्या दिवसांत पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे सकाळची वाट न बघता निघायचं, हे त्या वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. त्याच वहीत एक पान सेवा करणाऱ्याने स्वतःसाठी ठेवावं. आज मी जेवले का, एवढं लिहिलं तरी पुरे. आणि माणसाला त्याच्या आजाराचं खरं सांगायचं की नाही, यावर घरात कुजबुजत बसण्यापेक्षा त्यालाच विचारा, ‘तुम्हाले किती सांगू?’ काहीजण म्हणतील, नको सांगू. तेही त्याचंच उत्तर आहे.

तर ताई, तुमची वीस पानं.

ती सरायच्या आत नवी वही घ्या. आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडते, मुलीच्या दहावीच्या वह्या घ्यायला बाजारात जालच, तेव्हा एक जास्तीची घ्या. रोजचं त्यात लिहा. यंदाची पेरणी तुमच्या एकटीच्या शिरावर आली आहे, तेव्हा त्यात डोस, फवारणी, मजुरी, पावसाचे दिवस येतीलच, आणि त्यांच्या वहीतले ऑगस्टपासूनचे प्रश्न चाळलेत तर कधी काय करायचं याचं वेळापत्रकही सापडेल. जुन्या वहीतली मधली पानं कोरी राहू द्या. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं मात्र तिथेच लिहा, त्यांच्या ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात, वेगळ्या शाईने. सगळ्या प्रश्नांची द्यायची गरज नाही. आठवतील तेवढी.

सुरुवात शेवटच्या पानापासून करा. ते बिल तुम्ही दिवसकार्य आटोपल्यावर भरलंत, असं पत्रातच लिहिलं आहे. पावती शोधा. ‘लाईट बिल भरजो’च्या खाली तारीख टाका, रक्कम टाका, आणि लिहा : भरलं.